एकाच खोलीतली हवा

माझी धाकटी बहीण पोळी कशी खाते, हे मी डोळे मिटून सांगू शकते. आधी घडी उलगडून आतली वाफ जाऊ देते, मग मधोमध फाडते, मऊ भाग संपवते आणि कडा ताटात तशाच ठेवते. तिचं लक्ष भाजीकडे नसतं, पोळीकडे तर नसतंच. एका हातात मोबाइल असतो. एवढी सुंदर वस्तू तोंडात चाललीय आणि बाईसाहेबांना तिचा पत्ता नाही. मी समोर बाजरीची भाकरी मोडत तिच्या त्या टाकलेल्या कडांकडे बघत असते. लोकांना एकमेकांच्या रूपाचा, पगाराचा, नवऱ्याचा हेवा वाटतो. मला माझ्या बहिणीच्या आतड्यांचा हेवा वाटत आलाय.

नववीत असताना मला सीलिअ‍ॅक असल्याचं कळलं. त्याआधीची काही वर्षं माझं पोट पुढे, हातपाय काड्यांसारखे आणि चेहरा कायम पांढराफटक होता. जंताची औषधं झाली, लोहाच्या गोळ्या झाल्या, एका मावशीने तर खजूर खाऊ घालून बघितलं. शेवटी एका डॉक्टरांनी रक्त तपासून आणि दुर्बीण घालून सांगितलं की गव्हातलं ग्लुटेन हिच्या शरीराला चालत नाही. ते पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यांवर उठतं आणि मग कितीही खा, अंगी लागत नाही. औषध एकच. गहू, मैदा, रवा, सगळं बंद, आणि तेही जन्मभर.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे नियम करणं आणि पाळायला लावणं तिच्या हाडातच होतं. माझा तवा वेगळा झाला, पोळपाट वेगळा झाला. कॉलनीतल्या गिरणीत आमची ज्वारी-बाजरी कुणाच्या तरी गव्हामागून दळली जाते, हे लक्षात आल्यावर तिने घरघंटी आणली आणि तिच्यात गव्हाचा दाणा जाऊ दिला नाही. बाकीच्यांचा गहू गिरणीत जायचा, माझं धान्य घरात दळलं जायचं. येणारेजाणारे म्हणायचे, थोरलीचे काय लाड आहेत. बहीणही चिडवायची, "ताईची स्वतःची गिरणी आहे बाबा." मी तिला म्हणायचे, घे गिरणी, आतडी दे. ती हसायची. तिला तो विनोद वाटायचा.

ती भराभर उंच झाली. माझे जुने कपडे तिला होण्याऐवजी तिचे जुने कपडे मला होऊ लागले. दुकानदार तिला ताई म्हणायचे आणि मला "तुला काय हवंय गं?" विचारायचे. पथ्य पाळून मी बरी झाले होते, शिकले, पिंपळगाव बसवंतला एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कचेरीच्या कामाला लागले, रोज बसने जाऊन-येऊन करू लागले. पण पूर्ण ठणठणीत अशी मी कधी नव्हतेच. पोट अधूनमधून फुगायचं. आम्ही सगळ्यांनी तो माझा स्वभावच मानला होता, माझ्या चिडकेपणासारखा.

एका हिवाळ्यात नामपूरहून आत्या आली. बाबांची थोरली बहीण. मोतीबिंदूचं ऑपरेशन इथे नाशिकला करायचं होतं, म्हणून महिनाभर आमच्याकडे राहिली. आम्हा दोघी बहिणींची खोली एकच. दोन भिंतींना दोन पलंग, मध्ये जमिनीवर आत्याची गादी. थंडीमुळे खिडकी बंद. आत्या आयुष्यभर कांद्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जात आली होती आणि ती खोकायची. आईने विचारलं तर म्हणाली, "काही नही वं बाई, कांदानी माती शे ती, छातीमा जाई बशेल शे." कांद्याच्या मातीने खोकला येतो हे तिकडे बागलाणात लहान पोरालाही ठाऊक असतं, त्यामुळे कुणी पुढे काही विचारलं नाही. आई तिला अडुळशाचा काढा द्यायची.

एक गोष्ट मला नीट आठवते, कारण तेव्हाही मला तिचा राग आला होता. आत्या माझ्याकडे पाठ करून झोपायची. तिचं तोंड बहिणीकडे. दोघी नामपूरच्या गमती बोलत, खुसुखुसू हसत पडायच्या, आणि आत्याला हसता हसता खोकला यायचा. मी भिंतीकडे वळून झोपून जायचे. आत्याची लाडकी कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी मी खंगायला लागले. बसमधून उतरल्यावर घरापर्यंत चालताना धाप लागायची. संध्याकाळी अंगात कणकण. कोरडा खोकला. कंबरेला सलवार राहीना. दुसऱ्या कुठल्या घरात मुलीची अशी अवस्था झाली असती तर तिला आधी छातीच्या डॉक्टरकडे नेलं असतं. आमच्या घराला मात्र माझ्या वजनाचं एकच कारण माहीत होतं. मी वाळले म्हणजे मी गहू खाल्ला.

"काय खाल्लंस?" आईने विचारलं.

"काही नाही."

"पॅकहाऊसमध्ये डबे एकत्र उघडता ना तुम्ही?"

"मी माझ्याच डब्यातलं खाते."

बहीण पलंगावर मांडी घालून बसली होती. ती अगदी समजूतदार आवाजात म्हणाली, "ताई, खरं सांग. बिस्किट बिस्किट खाल्लं असशील चहासोबत. आम्ही रागावणार नाही."

मी हातातली उशी तिच्या अंगावर फेकली. ज्या बाईने इतकी वर्षं लग्नाकार्यात नुसता वरणभात खाऊन काढली, बारशाला पेढ्यावर भागवलं, केक कापताना टाळ्या वाजवून मागे सरकली, तिच्यावर हा आळ. आणि आळ घेणारी कोण, तर जिने आयुष्यात एकही पोळी लक्ष देऊन खाल्ली नाही ती.

खोकल्याबद्दल सगळ्यांचं मत होतं की पॅकहाऊसच्या थंड खोल्यांतून आत-बाहेर करते, म्हणून. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, तसं झालं. दुखणं छातीत आणि सगळं घर माझ्या पोटामागे लागलेलं. आईने पथ्य आणखी कडक केलं. बाहेरचं पाणीसुद्धा बंद. आणि पोट सुधारावं म्हणून तिने तिच्या आईकडून आलेला रामबाण काढला, हिंगाचं ताक. तीनही वेळा, जेवणाआधी पेलाभर ताकात चांगला अर्धा चमचा हिंग कालवून. रात्री बेंबीभोवतीही हिंगाचा लेप. घरात शिरलं की माझ्या पलंगाचा वास आधी यायचा.

दिवाळीच्या सुमारास मला खोकताना रक्ताची रेघ दिसली. मग बाबांनी कुणाचं ऐकलं नाही, मला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. टीबी होता. फुप्फुसाचा, साधा, औषधाने बरा होणारा, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं, पण आईला पहिल्या शब्दानंतर काही ऐकू आलं नसावं.

सीलिअ‍ॅकचं कळल्यावर डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हे आधी सांगायचं. ज्यांना सीलिअ‍ॅक असतो, त्यांना टीबी होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. अन्नातली सत्त्वं नीट शोषली जात नाहीत, अंगातली ताकद कमी पडते. अजूनही कारणं असतील, सगळी आम्हालाही कळलेली नाहीत. त्यामुळे तुमच्यासारख्या पेशंटचा खोकला लांबला, ताप आला, तर नुसतं पोटाकडे बघत बसायचं नाही."

आईने मान खाली घातली. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला खोकला होता का? आम्ही तिघांनी एकदमच आत्याचं नाव घेतलं.

आत्याची तपासणी तिकडेच झाली. तिलाही टीबी निघाला, कांद्याच्या मातीखाली कितीतरी दिवस दडलेला. फोनवर ती रडत होती. "मन्हामुये व्हयनं का हाई?" माझ्यामुळे झालं का हे, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती. बाबा तिला समजावत राहिले की औषधं चालू झाली, तूही बरी होशील, पोरगीही होईल. आई, बाबा आणि बहीण, तिघांचे फोटो काढले. तिघेही स्वच्छ. त्यांना खबरदारीच्या गोळ्या दिल्या आणि काम संपलं.

बहिणीच्या छातीचा तो फोटो मी खिडकीशी धरून बघितला. धुतल्यासारखी दोन फुप्फुसं. तीच खोली, तीच बंद खिडकी, तीच हवा. शिवाय आत्या खोकायची ते तिच्याच तोंडावर. माझ्या वाट्याला आत्याची पाठ आली आणि आजारही माझ्याच वाट्याला आला. मी आईला म्हणाले, "हिला काहीच कसं होत नाही?" आई म्हणाली, "असं बोलू नये." मी काय बहिणीला टीबी व्हावा म्हणत नव्हते. मी फक्त विचारत होते की एका आईच्या पोटी दोघी जन्मलो, तर एकीला पितळी डबा आणि दुसरीला पत्र्याचा, असं का? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. लघवी लाल, तोंडाला कडू चव, मळमळ. मळमळीवर पुन्हा हिंगाचं ताक. आमच्या भागातल्या आशाताई येऊन विचारपूस करून जायच्या आणि म्हणायच्या, "महिन्याभरात भूक लागेल बघा, सगळ्यांना लागते." आत्याला लागली. तिकडे नामपूरला तिने दोन घास जास्त मागितल्याची बातमी फोनवर यायची आणि बाबा ती मला उत्साहाने सांगायचे. ज्या माणसाने आजार दिला, ते माणूस माझ्याआधी बरं होऊ लागलं, हेही मला सोसावं लागलं. माझं वजन वाढण्याऐवजी आणखी उतरलं. ताप हटेना.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा प्रत्येक वेळी थोडा अधिक गंभीर दिसायला लागला. त्यांनी थुंकी पुन्हा तपासली, जंतू औषधाला दाद न देणारा नाही ना ते बघून घेतलं. तसं नव्हतं. मग त्या बाबांना बाजूला घेऊन म्हणाल्या, पण मला ऐकू आलं, "गोळ्या पोटात जातायत, पण अंगात जातायत का, हे मला सांगता येत नाही. असंच राहिलं तर अवघड होईल."

त्याच दिवसांत माझं एक बदललं होतं आणि ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. एका दुपारी बहीण माझ्यासमोर जेवत होती. तुपाची गरम पोळी, गूळ. मी तिच्याकडे बघत होते आणि मला काहीच वाटत नव्हतं. ती पोळी होती, ती माझी बहीण होती, पंखा फिरत होता. आई दारात उभी राहून माझ्याकडे टक लावून बघत होती. तिने बहिणीला मुद्दाम आणखी एक पोळी वाढली. मी कूस बदलली. आई आत गेली आणि मी तिला बाबांशी बोलताना ऐकलं, "अहो, ती आता चिडतही नाही हो." तिचा आवाज इतका घाबरलेला मी त्याआधी ऐकला नव्हता.

मग रक्ताची तपासणी झाली, या वेळी टीबीची नाही, सीलिअ‍ॅकची. आकडे चढलेले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुठून तरी रोज गहू जातोय. हिने खाल्लेला नाही, हे मी मानते. मग न कळत जातोय. तोंडात जाणारी एकूण एक वस्तू बघा. औषधसुद्धा."

घरी आल्यावर बहीण स्वयंपाकघरात शिरली आणि एकेक डबा खाली उतरवायला लागली. आई म्हणत होती, "बघ, खुशाल बघ. माझ्या घरात तिच्या ताटात गव्हाचा कण जात नाही." मी आतून ऐकत होते. मग आवाज थांबले. बहीण हिंगाची डबी घेऊन माझ्या पलंगाशी आली, आई तिच्यामागे. डबीवरची बारीक अक्षरं बहिणीने मोठ्याने वाचली. डिंक, मैदा, आणि शेवटी हिंग.

बाजारात मिळतो तो बहुतेक बांधलेला हिंग असतो, शुद्ध हिंग फार जहाल, म्हणून त्यात पीठ मिसळतात. हे आता मला माहीत आहे. तेव्हा आम्ही तिघी त्या पिवळ्या डबीकडे बघत राहिलो. इतकी वर्षं फोडणीतला चिमूटभर मैदा मला पूर्ण बरं होऊ देत नव्हता, आणि गेले काही महिने तर आई तो ताकात कालवून, स्वतः पेला धरून मला पाजत होती.

आई खाली बसली. म्हणाली, "तुला बरं वाटावं म्हणून घालत होते गं मी."

"माहितीये मला," मी म्हणाले. आणखी काय म्हणणार? पण खरं सांगायचं तर त्या घडीला थोडीशी का होईना, एक गोष्ट मला टोचलीच. पॅकहाऊसमध्ये दिवसभर मी काय करते, तर द्राक्षांच्या पेट्यांचे कागद वाचते, कशावर कुठल्या फवारणीचा किती अंश आहे ते. बारीक अक्षरं वाचण्याचा पगार मला मिळतो. आणि शोध लावला हिने.

दुसऱ्या दिवशी बहिणीने जाहीर केलं की ताई बरी होईपर्यंत घरात गहू नको. कणकेचा डबा शेजारी देऊन टाकला. आई-बाबाही भाकरी खाऊ लागले. ही बातमी कॉलनीभर झाली आणि रविवारी विहारातून आलेल्या बायका माझ्या पलंगाभोवती बसून बहिणीकडे बघत म्हणाल्या, "बहीण असावी तर अशी. पोळी सोडली हो पोरीने ताईसाठी." मी निम्मं आयुष्य पोळीविना काढलं, तेव्हा यांतली एकही बाई काही बोलल्याचं मला आठवत नाही. पण तेही मी त्या वेळी नुसतंच ऐकून घेतलं. राग यायला अंगात काहीतरी लागतं.

हिंग गेला. ताकात जिरं आलं. आठवडे गेले आणि ताप उतरला. मग खोकला सुटा झाला, मग विरळ. वजनाच्या काट्याने एकदाचं तोंड वर केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधं लांबवावी लागतील, पण आता ती लागू पडतायत. आईचा मात्र त्यावर विश्वास बसत नव्हता. काटा वर गेला तरी ती म्हणायची, कपड्यांचं वजन असेल. मी भाकरीचे दोन घास जास्त खाल्ले तरी तिला वाटायचं, तिच्या समाधानासाठी खाल्ले. ती सारखी माझ्या चेहऱ्यात काहीतरी शोधत असायची. काय, ते बोलत नव्हती.

एका संध्याकाळी बहीण ऑफिसातून उशिरा आली. माझ्या पलंगापासून जरा लांबूनच गेली. "ताई, कशी आहेस?" म्हणाली आणि सरळ न्हाणीघरात. पण मला वास आला होता. झणझणीत तर्रीचा, कांद्यालिंबाचा. ती बाहेर आली तेव्हा तिच्या ओढणीवर लाल तेलाचा ठिपका होता.

"मिसळ खाल्लीस," मी म्हणाले.

"नाही गं. म्हणजे, ऑफिसमधल्या सगळ्या जणी गेल्या होत्या म्हणून."

"पाव किती खाल्लेस?"

ती ओढणीवरचा ठिपका पुसायला लागली.

"पाव किती खाल्लेस, विचारतेय."

"चार."

मग माझं जे तोंड सुटलं, ते सुटलंच. "चार? चार पाव खाऊन आलीस आणि वर विहारातल्या बायकांकडून आरती ओवाळून घेतेस? त्याग म्हणे. गरम होते का? तव्यावर भाजलेले? लोणी लावून?" मी उठून बसले होते, घसा दुखेपर्यंत ओरडत होते, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. मला तो पाव हवा होता. त्या क्षणी मला जगात दुसरं काहीही नको होतं. "तुझी ती फुप्फुसं, तुझी ती आतडी, सगळं तुलाच कसं मिळतं गं? तर्री दोनदा घेतलीस ना? खरं सांग."

बहीण घाबरून भिंतीला टेकली. आई भाकरीच्या पिठाने भरलेल्या हातांनी तशीच धावत आली. मला वाटलं आता मला रागावणार, आजारी माणसाने ओरडू नये म्हणून. ती दारातच थांबली. माझा लाल झालेला चेहरा बघितला. मग बाबांना हाक मारायला गेली, पण तिला ती नीट मारताच आली नाही.

"अहो," ती म्हणाली, "ऐकलंत का? भांडतेय ती." आणि चौकट धरून रडायला लागली.

बाबा बाहेरच्या खोलीतून चष्मा हातात घेऊन आले. मी अजून धुमसत होते. आईने पिठाच्याच हाताने डोळे पुसले, बहिणीकडे वळली आणि म्हणाली, "तू उद्याही खाऊन ये."